पुस्तकातले आबा

कवठे येमाईच्या हौसरावांनी मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. कालवा निरीक्षक म्हणून त्यांची तीस वर्षं पाटाचं पाणी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात बालसाहित्याचं एक दिवसाचं शिबिर केलं. तिथल्या बाई म्हणाल्या, राजाराणी पुरे झाले, मुलांना आजचं द्या. घरातले ताण द्या, आपल्यापेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या माणसांविषयी आपल्या मनात असलेला आकस द्या. हौसरावांनी ते वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. परत येताना रांजणगावला गाडी थांबली, तेव्हा खिडकीतून त्यांना भाजी घेणारी चार माणसं दिसली. बारीक डोळ्यांची, गोरटेली, कारखान्याच्या निळ्या शर्टातली. गाडी सुटेपर्यंत हौसरावांची कथा तयार होती. त्या चौघांपैकी एकाशीही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

पुस्तकाचं नाव ‘लुमलुमची शर्यत’. लुमलुम नावाची मुलगी दूरदेशाहून गावातल्या शाळेत येते. मुलं तिला चिडवतात. मग ती तालुक्याची धावण्याची शर्यत जिंकते आणि सगळा गाव तिला खांद्यावर घेतो. शेवटी गावातले एक शहाणे आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, “डोळे केवढे हायेत ते बघू नये, डोळ्यांत काय हाय ते बघावं.” या आबांना पांढऱ्याशुभ्र मिशा होत्या, ते निवृत्त होते आणि त्यांना पाण्यातलं फार कळत होतं. वाचणाऱ्याला कोण ते ओळखता येऊ नये म्हणून हौसरावांनी त्यांच्या हातात काठी दिली होती.

प्रकाशन दौंडला झालं. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि उसाच्या लागवडीवर बोलले. त्यानंतर हौसरावांनी नात्यागोत्यात, शाळांत, लग्नांत पुस्तकं वाटली. सगळ्यांनी “छान हाय” म्हटलं, आणि तेही पुस्तक हातात घेण्याच्या आधीच. उरलेले गठ्ठे माळ्यावर गेले. त्यातला एक गठ्ठा त्यांच्या बायकोनं, रंगुबाईंनी, फ्रिजखाली सरकवला.

“ओल लागत व्हती,” त्या म्हणाल्या. “आता न्हाई लागत.”

अशा या लेखकाला सप्टेंबरात मुलाचा फोन आला. स्वराज रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि तिथंच खोली घेऊन राहत होता. तीन वर्षं घरचे त्याच्यासाठी मुलगी बघत होते. पोहे खाऊन खाऊन हौसरावांना ॲसिडिटी झाली होती, पण जमत काही नव्हतं.

“आबा, मी लग्न केलं,” स्वराज म्हणाला. “पुण्यात, नोंदणी पद्धतीनं. पोरगी आमच्याच कंपनीत क्वालिटीला हाय. जुनमोनी पेगू. आसामची.”

यावर पुस्तकातल्या आबांनी काय म्हटलं असतं, हे हौसरावांना नंतर चांगलं सुचलं. त्या घडीला मात्र त्यांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

“चायनीज?”

स्वराज म्हणाला, “आबा, आसाम आपल्याच देशात हाय.”

“ते मला ठाऊक हाय!” हौसराव चिडून म्हणाले. “मला भूगोल शिकवतो व्हय? पर आधी इचारायचं तरी.”

“तुमचं पुस्तकच हाय ना असल्या विषयावर. म्हटलं, तुमची हरकत नसणार.”

“तू वाचलंय ते?” हौसरावांचा आवाज एकदम मऊ झाला.

“कव्हर वाचलंय.”

पुढचे आठ दिवस हौसराव कुणाशी धड बोलले नाहीत. आपल्याला राग नेमका कशाचा आलाय, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. न सांगता लग्न केलं याचा, असं ते स्वतःला बजावत. पण आंघोळ करताना, जनावरांना वैरण टाकताना डोळ्यांपुढं यायची ती गावची जत्रा. त्या गर्दीतून आपण चाललोय, मागून सून चाललीय, आणि लोक वळून वळून बघताहेत. या चित्राला लाज म्हणतात, हे कबूल करायला त्यांच्यासारख्या शब्दांच्या माणसाला शब्द सापडत नव्हता.

दिवाळीला जोडी घरी आली. जुनमोनीला दहा दिवसांची सुट्टी होती. स्वराजला चारच दिवस होते, पण तो दुचाकीवरून जाऊन येऊन करणार होता. घरात तेव्हा सृष्टीही होती. हौसरावांची लेक सारिका दौंड तालुक्यातल्या राहूला दिलेली. तिची ही नऊ वर्षांची पोर सुट्टीला आजोळी आलेली. सृष्टीनं दारातच नव्या मामीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, तिच्या पाठीवरची बॅग काढून घेतली आणि आत पळाली. तिच्या परीनं स्वागत झालं.

हौसरावांनी घसा साफ केला. समोरच्याला आपली भाषा येत नसली, की आवाज वाढवला म्हणजे कळतं, असा त्यांचा खात्यातला अनुभव होता. ते शब्द सुटे सुटे करून ओरडले, “आप-को! सफर में! तकलीफ तो नहीं हुआ?”

“नाही आबा,” जुनमोनी मराठीत म्हणाली. “रांजणगाववरूनच तर आलो. तासभर पण नाही लागला.”

तीन वर्षं ती लाइनवर पारनेरच्या, श्रीगोंद्याच्या, शिरूरच्या पोरींबरोबर काम करत होती. मराठी तिला बोलता येत होतं आणि त्याहून जास्त कळत होतं. हे हौसरावांच्या ध्यानात दोन दिवस उशिरा आलं, आणि तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

झालं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाईंनी कासारणीला घरी बोलावून सुनेच्या हातात हिरवा चुडा भरला. स्वराजवर त्या रुसलेल्या होत्या, पण तो रुसवा त्यांनी सुनेच्या हातापर्यंत येऊ दिला नाही. दुपारी हौसराव ओट्यावर बसले असताना पोपटराव आले. पोपटराव म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. सोसायटीवर दोनदा निवडून आलेला, साऱ्या गावाच्या बातम्या ज्याच्या खिशात असतात असा माणूस. हातात एक पिशवी होती. ती मांडीवर ठेवून ते बसले आणि दिवाळीचं, झेंडूच्या दराचं बोलत राहिले. तेवढ्यात जुनमोनी चहा घेऊन बाहेर आली.

पोपटरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग हौसरावांकडं पाहिलं. “ह्या कोण?”

हौसरावांनी तोंड उघडलं. आत शब्द तयार होता, ‘सून’. दोनच अक्षरं. तीस वर्षं त्यांनी हजारो क्युसेक पाणी मोजून सोडलं, पण ही दोन अक्षरं काही दारातून बाहेर येईनात.

“ह्या... स्वराजच्या कंपनीतल्या मॅडम हायेत,” ते म्हणाले. “पाहुण्या. आपलं गाव बघायला आल्यात.”

जुनमोनीनं चहाचा कप खाली ठेवला. हिरव्या बांगड्या वाजल्या. तिनं पोपटरावांना नमस्कार केला, हौसरावांकडं बघितलं नाही, आणि आत निघून गेली.

“बरं, बरं,” पोपटराव म्हणाले. त्यांनी चहा संपवला, मांडीवरची पिशवी उचलली आणि गेले.

रंगुबाईंनी हे सगळं दाराआडून ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या. “पाहुणी?” त्या म्हणाल्या. “मग सकाळी मी चुडा कुणाला भरला? गाव बघायला आलेल्या मॅडमला? अवो, कायतरी तोंड धुवून बोलत जा.”

हौसरावांनी “तुला कळत न्हाई” असं म्हणून पाहिलं. पण काय कळत नाही ते पुढं सांगता आलं नाही.

संध्याकाळी स्वराजला हे कळलं. तो फार बोलणारा पोरगा नव्हता. “आबा, आम्ही उद्या सकाळी जातो,” एवढंच म्हणून तो बॅग भरायला लागला. पण जुनमोनीनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“तुला जायचं तर जा,” ती त्याला म्हणाली. “माझी सुट्टी दहा दिवस आहे. आईंना मी झेंडू तोडायला मदत करणार, असं सांगितलंय. मी का जाऊ?”

हौसराव पलीकडच्या खोलीत ऐकत होते. पोरगी रडली असती, तर त्यांना तिची समजूत काढता आली असती. समजूत काढण्याचे प्रसंग पुस्तकात तीन होते. पण ही रडतच नव्हती. आता काय करायचं?

रात्रीच्या जेवणाला सृष्टी शेजारी बसली. पुस्तक तिनं वाचलं होतं, निदान चित्रांच्या आसपासचं तरी. घास गिळून ती म्हणाली, “आबा, पुस्तकातले आबा बाराव्या पानावर म्हणतात ना, ही पोरगी आपल्यातली न्हाई. आन् शेहेचाळीसाव्या पानावर शहाणे हुत्यात.”

“मग?”

“तुम्ही अजून बाराव्याच पानावर हाय.”

रंगुबाईंना ठसका लागला. हौसरावांनी भाकरी अर्धी टाकली आणि उठले. पान नेमकं बारावंच होतं. त्यांनी माळ्यावर चढून खात्री करून घेतली.

हौसरावांना ताळ्यावर आणलं ते मात्र पश्चात्तापानं नाही. त्यांना नंतर फार वाटायचं की पश्चात्तापानं आणलं असं सांगावं. पण खरं ते खरं. त्यांना आणलं ते हावेनं.

तिसऱ्या दिवशी ते पडवीत फवारणीच्या पंपाचा नोझल साफ करत बसले होते. आत सृष्टी मामीला मराठी वाचायला शिकवत होती. जुनमोनीला हिंदी वाचता येत होतं, त्यामुळं अक्षरं ओळखीचीच होती, शब्द नवे होते. घरात सोपं म्हणावं असं मराठी पुस्तक एकच होतं. ते मात्र गठ्ठ्यांनी होतं.

“लुम-लुम लाजून हसली,” जुनमोनी वाचत होती.

हौसरावांचा हात थांबला. त्यांची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अंगावर मोरपीस फिरल्यासारखं झालं. ते भिंतीला चिकटून बसले. मग पुढचं पान आलं, आणि लुमलुम पुन्हा लाजून हसली. त्या पुढच्या पानावरही हसली. मुलांनी तिला चिडवलं तरी लाजून हसली. तिचा डबा लपवला तरी लाजून हसली. अकराव्यांदा ती लाजून हसली, तेव्हा हौसरावांनी कपाळाला हात लावला. लिहिताना प्रत्येक वेळी त्यांना ते वाक्य नवं आणि नाजूक वाटलं होतं.

पण जुनमोनी वाचत राहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, अडखळत का होईना, शेवटच्या पानापर्यंत. मुलाला, बायकोला, लेकीला, एवढंच काय, प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यालाही जे जमलं नव्हतं, ते तिनं केलं होतं. हौसरावांना अख्खा वाचक मिळाला होता, आणि तो त्यांच्याच घरात झेंडू तोडत होता.

वाचकाचं मत कळावं म्हणून त्यांचा जीव तळमळायला लागला. आधी त्यांनी सृष्टीला पाठवलं. सृष्टी परत येऊन म्हणाली, “मामी म्हणती, ज्याला पायजे त्यानं सवता इचारावं.”

शेवटी ते झेंडूच्या वावरात गेले. जुनमोनी डोक्याला रुमाल बांधून फुलं तोडत होती. त्यांनीही एका सरीत वाकून फुलं तोडायला सुरुवात केली. दोन-तीन रोपं झाल्यावर म्हणाले, “ते... पुस्तक वाचलं म्हणं तू.”

“हो.”

“मग? कसं वाटलं?”

जुनमोनी सरळ उभी राहिली. “आबा, लुमलुम हे कुठलं नाव?”

“तुमच्याकडचं.”

“आमच्याकडं असं कुणाचंच नाव नाही.”

“कल्पनेतलं हाय ते,” हौसराव घाईनं म्हणाले. “पर एकंदर?”

“एकंदर ती बोलतच नाही. मी मोजलं. पूर्ण पुस्तकात चारदा बोलते. दोनदा धन्यवाद म्हणते.” तिनं ओंजळीतली फुलं पाटीत टाकली. “आणि ती शर्यत हरली असती तर?”

“हरली असती म्हंजी?”

“म्हणजे दुसरी आली असती. तिसरी आली असती. मग गावानं तिच्याशी बोलायला सुरुवात केली असती का?”

पुस्तक लिहून चार वर्षं झाली होती. शिबिरातल्या बाईंना त्यांनी ते पाठवलं होतं, दोन मुख्याध्यापकांनी त्यावर अभिप्राय दिला होता. हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. त्यांना स्वतःला तर नाहीच.

“आणि ते आबा,” जुनमोनी म्हणाली. “शेवटी शहाणे होतात ते. ते कोण आहेत?”

“तेबी कल्पनेतलेच.”

“हं,” ती म्हणाली. “वाटलंच.”

आणि ती पुन्हा वाकून फुलं तोडायला लागली. हौसरावांनी एक झेंडू मुळासकट उपटला, तो कुठं लपवावा हे न कळून खिशात घातला.

असा अपमान पचवून साधा माणूस घरी जातो. पण हौसराव लेखक होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वावरात हजर झाले, या वेळी वही घेऊन. तिच्या शाळेत तिला कोण चिडवायचं, किती चिडवायचं, ते त्यांना हवं होतं. मनाशी त्यांनी ठरवून टाकलं होतं, की आता खरी, सोसणारी, सोज्वळ नायिका लिहायची.

जुनमोनीनं त्यांना तिचं गाव सांगितलं. ब्रह्मपुत्रेच्या काठचं, धेमाजीकडचं. त्यांच्या मिसिंग जमातीची घरं बांबूच्या खांबांवर उभी, कारण दर पावसाळ्यात खालून पाणी वाहतं. हा विषय हौसरावांच्या हातातला होता. त्यांनी वही सरसावून विचारलं, “पुराला किती क्युसेक पाणी येतं?”

“मोजत नाही आबा,” जुनमोनी म्हणाली. “पळतो.”

हौसराव हसले. मग तीही हसली, आणि लाजून मुळीच नाही. चांगलं खळखळून, मागचे दात दिसेपर्यंत. सृष्टी बांधावर बसली होती, तिनं हे आजीला जाऊन सांगितलं.

“आन् शाळेत?” हौसरावांनी पुन्हा विचारलं. “तुला तरास द्यायचे ना?”

“इकडं आल्यावर दिला. रांजणगावात पोरं मागून ओरडतात, मोमो, मोमो. खोली बघायला गेलो तर मालक म्हणाला, तुम्ही काय पण खाता. पण तिकडं शाळेत नाही.” तिनं एक फूल पाटीत टाकलं. “तिकडं आम्ही त्रास द्यायचो. चहाच्या मळ्यातली मुलं यायची आमच्या शाळेत. सावळी, वेगळी दिसणारी. त्यांची भाषा आम्हाला विचित्र वाटायची. आम्ही त्यांना हसायचो. एका मुलीला बाकावर बसू द्यायचो नाही. मी पण.”

हौसरावांनी वही मिटली.

“तुमची लुमलुम फार चांगली आहे, आबा,” जुनमोनी म्हणाली. “इतकं चांगलं मला नाही जमणार.”

त्या दुपारी हौसरावांनी लिहायला घेतलं. लुमलुमला त्यांनी वीस वर्षांनी मोठं केलं आणि सरळ पुस्तकातल्या आबांच्या घरात सून म्हणून आणून सोडलं. गोष्ट सांगत होती आबांची नात. पहिली दोन पानं भराभरा झाली. तिसऱ्या पानावर आबांचा मित्र रखमाजी आला, ओट्यावर बसला, सुनेनं चहा आणला. रखमाजीनं विचारलं, “ह्या कोण?”

इथं आबांनी बाणेदार उत्तर द्यायचं होतं. हौसरावांनी ते पाच प्रकारे लिहिलं. पाचही उत्तरं मोठी सुंदर होती आणि पाचही वाचून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. चहाची वेळ झाली, रंगुबाईंनी आणलेला कप निवून गेला. शेवटी त्यांनी पाचही खोडली आणि खाली लिहिलं: आबा म्हणाले, “ह्या पाहुण्या.” ते लिहिल्यावर पुढचं वाक्य येईना. ते तिथंच अडलं आणि दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत अडलेलंच राहिलं. जुनमोनी रांजणगावला परत गेली. जाताना रंगुबाईंच्या पाया पडली, हौसरावांच्या पण पडली. “येते आबा,” म्हणाली. त्यांनी “ये” म्हटलं. यापलीकडं काही बोलायची संधी होती. ती त्यांनी व्यवस्थित घालवली.

नोव्हेंबरात बालदिनाला राहूच्या शाळेनं हौसरावांना बोलावलं. सृष्टीनं बाईंना सांगितलं होतं, की आमचे आबा लेखक आहेत. लेखकाला आजवर कुठल्या शाळेनं आपण होऊन बोलावलं नव्हतं, त्यामुळं हौसरावांनी नवा सदरा शिवला. पोपटरावांची सोयरीक राहूला होती, त्यांनी आपली जीप काढली. नेमकी त्या दिवशी जुनमोनीला सुट्टी होती. रंगुबाईंनी परस्पर फोन करून तिला बोलावून घेतलं, आणि शिरूरच्या स्टॅंडवर ती पोपटरावांच्या जीपमध्ये मागं, रंगुबाईंच्या शेजारी येऊन बसली. पोपटराव आरशातून बघत म्हणाले, “बसा मॅडम, नीट बसा.” हौसराव राहू येईपर्यंत उसाकडं बघत राहिले.

शाळेच्या पटांगणात साठ-सत्तर मुलं मांडी घालून बसली होती. मोठी माणसं मागं खुर्च्यांवर. हौसरावांच्या पिशवीत ‘लुमलुमची शर्यत’ होती, वाचायची पानं खुणा करून ठेवलेली. ते उभे राहिले, पुस्तक उघडलं, पहिलंच वाक्य डोळ्यांपुढं आलं, ‘लुमलुम लाजून हसली’. मागच्या रांगेत जुनमोनी बसली होती. ते वाक्य काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांनी पुस्तक मिटलं, पिशवीतून वही काढली आणि तीन पानांची ती अर्धवट गोष्ट वाचायला घेतली.

मुलं हसली. हिंदी ओरडणाऱ्या आबांना हसली, नाराज होऊन वैरण टाकणाऱ्या आबांना हसली. पण आबा “ह्या पाहुण्या” म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली, “खोटारडा आबा!”

“खोटारडा! खोटारडा!” सगळी शाळा ओरडायला लागली. बाईंनी टेबलावर छडी आपटली. सृष्टी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

शांत झाल्यावर त्या पहिल्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, “मग मामी काय म्हणली?”

हौसरावांनी वही उलटून पाहिली, जणू मागं लिहिलेलं असेल. “ते लिहिलेलं न्हाई,” ते म्हणाले. “मला ठाऊकच न्हाई. मी कवा इचारलंच न्हाई.” त्यांनी वही खाली केली. “ज्यांना इचारायला पायजे, त्या मागं बसल्यात. ह्या जुनमोनी. माझ्या सूनबाई.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. आता आभाळ कोसळणार, अशी त्यांची खात्री होती. काहीच कोसळलं नाही. मुलं माना वळवून मागं बघायला लागली, इतकंच. एका मुलीनं विचारलं, “तुम्ही चायनाच्या हाय का?”

“नाही, आसामची,” जुनमोनी उभी राहून म्हणाली. “चायना मी पण पाहिलं नाही. तू पाहिलंय?”

“न्हाई. मी दौंडच पाहिलंय.”

“मामी काय म्हणली ते सांगा की!” पहिली मुलगी मागं हटेना.

जुनमोनीनं जरा विचार केला. “काही नाही म्हणाली,” ती म्हणाली. “पण तिला फार राग आला. चार दिवस राहिला. अजून थोडा आहे.”

मुलांना हे पटलं. त्यांनी माना डोलावल्या.

कार्यक्रम संपल्यावर पोपटरावांनी हौसरावांना बाजूला घेतलं. “ह्यो रखमाजी म्हंजी मी का रं?”

“व्हय,” हौसराव म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. एवढं धैर्य गोळा केलंच आहे तर पूर्ण वापरावं, असं त्यांना वाटलं. “पोपटराव, त्या दिवशी मी खोटं बोललो. ती पाहुणी न्हाई. ती—”

“अरे, हे अख्ख्या गावाला ठाऊक हाय,” पोपटराव म्हणाले. “स्वराजनं लग्नाच्याच दिवशी स्टेटसला फोटो टाकला व्हता. सगळ्यांनी बघितला. त्या दिवशी मी सुनेला साडीच घेऊन आलो व्हतो, पिशवी बघितली न्हाईस का? तू पाहुण्या म्हणलास. मग मीबी म्हणलं, ह्याच्या घरात ह्यालाच अजून कुणी सांगितलेलं दिसत न्हाई. आणली माघारी.”

हौसराव झाडाखालच्या पारावर बसले. दोन महिने ज्या गर्दीला ते घाबरत होते, ती गर्दी केव्हाच बघून, बोलून, आपापल्या कामाला लागली होती. वळून वळून बघणारा त्या जत्रेत एकच माणूस उरला होता.

“साडी हाय का अजून?” त्यांनी विचारलं.

“भाच्याच्या लग्नात दिली,” पोपटराव म्हणाले. “आता तू घे.”

साडी हौसरावांनी घेतली. शिरूरला उतरून, रंगुबाईंनी निवडलेली. जुनमोनीनं ती घेतली, पण सगळं मिटलं असं काही झालं नाही. स्वराज बापाशी अजून मोजकंच बोलायचा. जुनमोनी सुट्टीला यायची. वहीतली पानं वाचायची आणि पेन्सिलीनं रेघा मारायची. “इथं परत ती शहाणी झाली,” म्हणायची. लुमलुमनं एकदा तरी भांडावं, एखाद्या पोरीला बाकावरून ढकलावं आणि शर्यतीत पाचवी यावी, असा तिचा हट्ट होता. हौसराव कुरकुरत खोडायचे, आणि पान खोडलं गेलं की त्यांना मनातून बरं वाटायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी जुनमोनीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. जुनमोनी ओट्यावर कांद्याची पात निवडत होती. तिनं फोन हौसरावांपुढं धरला. पडद्यावर एक बाई बांबूच्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. हौसराव सवयीनं ओरडायला गेले, मग आवाज खाली आणून म्हणाले, “नमस्कार. सब ठीक?”

बाईंनी हात जोडले. मग बराच वेळ त्यांच्याकडं निरखून बघितलं, शेजारी आलेल्या रंगुबाईंकडंही बघितलं, आणि त्यांच्या भाषेत लेकीला काहीतरी लांबलचक म्हटलं. जुनमोनी हसायला लागली. तिच्या मांडीवरची पात सांडली.

“काय म्हणल्या?” हौसरावांनी विचारलं.

“काही नाही, आबा.”

“सांग की. मला चालतंय.”

जुनमोनीनं डोळे पुसले. “आई म्हणते, या लोकांची नाकं केवढी मोठी आहेत. दिसायला सगळे सारखेच दिसतात. तिला फार काळजी वाटते. म्हणते, हे लोक तुझ्याशी नीट वागतात ना?”

हौसरावांचा हात आपोआप नाकाकडं गेला. चौसष्ट वर्षांत त्या नाकाविषयी कुणी तक्रार केली नव्हती.

“मग तू काय सांगितलंस?”

जुनमोनीनं फोन कानाला लावला, आईला दोन शब्द बोलली आणि पात गोळा करायला वाकली.

“म्हटलं, बघू.”